मोटरच्या नेमप्लेटवरचा एचपी नेमका काय सांगतो?

औरंगपुऱ्यात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारी मोटर बंद पडली की सगळं घर अडतं. म्हणून तिच्या नेमप्लेटचा फोटो काढा आणि झूम करून वाचा.

एचपी आणि किलोवॅट
१ एचपी म्हणजे ७४६ वॅट. त्यामुळे प्लेटवर १ एचपी आणि ०.७५ किलोवॅट असे दोन्ही आकडे दिसतात. गंमत अशी, की ही मोटरने ओढलेली वीज नाही. मोटर शाफ्टवर जी ताकद देते, तिचा हा आकडा आहे. मोबाइलच्या चार्जरवर इनपुट आणि आउटपुट दोन्ही छापलेलं असतं. मोटरच्या एचपीत फक्त आउटपुट असतं.

मग वीज किती लागते?
समजा, मोटरची कार्यक्षमता ७० टक्के आहे. मग ७४६ भागिले ०.७०, म्हणजे सुमारे १०६५ वॅट लागतील. उरलेली वीज उष्णता आणि घर्षणात जाते, पण बिल पूर्ण १०६५ वॅटचं येतं. अर्धा तास मोटर चालली तर साधारण अर्धं युनिट.

अँपिअर का बघायचे?
७४६ ला २३० व्होल्टने भागलं तर ३.२ अँपिअर येतात. हे उत्तर चुकीचं. १०६५ वॅट आणि ०.९ पॉवर फॅक्टर धरला तर करंट ५ अँपिअरच्या वर जातो. सुरू होताना तो काही क्षण याच्या कितीतरी पट असतो. म्हणून अशी मोटर ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नका, १६ अँपिअरचा पॉइंट घ्या. वायर आणि एमसीबी निवडताना एचपीवरून अंदाज बांधू नका, प्लेटवरचे अँपिअर बघा.

गावाकडे विहिरीवरची ५ एचपीची थ्री-फेज मोटर ४१५ व्होल्टवर साधारण ७ अँपिअर घेते. तिथे हिशोबात १.७३२ ने गुणावं लागतं.

बाकीचे आकडे
- आरपीएम: पूर्ण लोडवरचा वेग.
- एस१: मोटर सलग चालवायला चालते.
- इन्सुलेशन क्लास: बी असेल तर वाइंडिंग १३० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, एफ असेल तर १५५ पर्यंत.

इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर लावल्यावर करंट प्लेटपेक्षा जास्त दिसला, तर व्होल्टेज कमी आहे किंवा पंप जाम होतोय. तशीच चालवत राहिलात तर वाइंडिंग जळेल.

प्लेट ओलाव्याने गंजते, कधी रंगाखाली जाते. फोटो जपून ठेवा. रिवाइंडिंगला देताना किंवा नवी मोटर घेताना तोच कामाला येईल.