तीन आणे आणि पंचवीस हजार

विरोधी आमदार-खासदाराने सरकारच्या धोरणावर हवे तेवढे बोलावे, पण सत्ताधाऱ्याच्या राहणीवर आणि खर्चावर घसरू नये, असे मत आपल्या सुशिक्षित वर्गात जवळजवळ सर्वमान्य आहे. त्याला जोडूनच दुसरे येते: बहुमत सरकारचे असताना ठराव आणून सभागृहाचा वेळ का दवडायचा? ही दोन्ही मते मला चुकीची वाटतात. ती तपासायला 1963 चा अविश्वास ठराव घ्यावा.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारविरुद्ध लोकसभेतला पहिला अविश्वास ठराव मांडला. फर्रुखाबादची पोटनिवडणूक जिंकून नुकतेच सभागृहात आलेले राममनोहर लोहिया त्यावर बोलले. देशातली 27 कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर दिवसाला 25,000 रुपये खर्च होतात, असा त्यांचा आरोप होता. नेहरूंचे उत्तर होते, दरडोई उत्पन्न पंधरा आणे आहे. ठराव 62 विरुद्ध 347 मतांनी पडला.

पूर्वपक्ष म्हणतो, लोहियांचा आकडा अतिशयोक्त होता आणि पंतप्रधानांच्या खर्चाचा उल्लेख सवंग होता. पहिला आक्षेप बराचसा मान्य करायला हवा. तीन आणे हा अंदाज कमी धरलेला होता. पण पंधरा आणे हे त्याचे उत्तरच नव्हते. ती साऱ्या देशाची सरासरी होती, आणि तिच्यात गिरणीमालकाची कमाई शेतमजुराच्या नावावरही जमा होते. लोहिया विचारत होते तळच्या साठ टक्क्यांबद्दल, म्हणजे त्या 27 कोटींबद्दल. त्या प्रश्नाला धरून हिशेब झाला तेव्हा सरकारपक्षाकडूनच साडेसात आण्यांचा आकडा आला. आता हे ताडून पाहा. आदल्याच वर्षी, 1962 मध्ये, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ज्यात होते त्या अभ्यासगटाने माणशी महिना 20 रुपये ही किमान गरज ठरवली होती. सोळा आण्यांचा रुपया धरला, तर दिवसाला साधारण साडेदहा आणे. सरकारचाच आकडा खरा मानला, तरी निम्म्याहून अधिक देश सरासरीने सरकारदरबारी ठरलेल्या किमान गरजेच्या खाली होता. पंधरा आण्यांच्या उत्तरात हे कुठेच दिसत नव्हते. तीन आणे चुकले असतील, पण त्या चुकीच्या आकड्याने बरोबर प्रश्न विचारला.

राहिला खर्चाचा मुद्दा. मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. ते वर्ष कोणते होते ते विसरून चालणार नाही. चीनच्या युद्धानंतर सरकार जनतेकडे त्याग मागत होते. मोरारजी देसाईंच्या अर्थसंकल्पाने करांचा बोजा वाढवला, सक्तीची बचत आणली. सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी केली आणि गावोगावच्या सोनारांच्या पोटावर पाय आला. ज्या सरकारने लोकांच्या घरातल्या सोन्याचा कस ठरवला, त्याच्या घरचा खर्च विचारणे सवंग कसे? काटकसर हे त्या वर्षीचे धोरण होते. ती कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाला सुटते, हा धोरणाचाच प्रश्न होता. पंतप्रधानांच्या सुरक्षेचा खर्च त्यात धरावा की नाही, यावर वाद घालता येईल आणि घालावा. प्रश्नच असभ्य ठरवणे हा मात्र उत्तर टाळण्याचा मार्ग आहे.

आणि वेळ दवडला म्हणावे, तर 347 मतांनी सरकार वाचले, पण सरासरीची ढाल त्याच सभागृहात निकामी झाली. लोहियांपाशी ना संख्याबळ होते, ना विरोधी पक्षनेत्याचे पद. लोकसभेत ते पद अधिकृतपणे प्रथम भरले गेले 1969 मध्ये. तरी लोहियांचा प्रश्न मागे उरला. पुढे 1971 साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी सरासरी बाजूला ठेवून किमान गरजेच्या खाली किती लोक आहेत हे मोजले. 1960-61 साठी त्यांचे उत्तर होते: खेड्यांत सुमारे 40 टक्के, शहरांत सुमारे 50 टक्के.