वाघाला मांडे कोणी वाढले?

नागपूरच्या धंतोलीत राहणाऱ्याला दवाखान्यांच्या पायऱ्यांवर ताटकळणारी माणसे रोज दिसतात. कुणी काटोलहून आलेले असते, कुणी वरूडहून. एका आषाढात अशाच एका व्हरांड्यात मी नंबर लागायची वाट पाहत होतो. शेजारच्या बाकावर एक आजी नातीला गोष्ट सांगत होती. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आला आणि त्याला सामोरे जायला ज्ञानदेवांनी बसल्या जागची भिंत चालवली. नातीने विचारले, "मंग त्या वाघाले भूक नाही लागली काय?" आजी क्षणभर थांबली. म्हणाली, "लागली ना माय. मुक्ताईनं त्याले मांडे वाढले."

मी वाचलेल्या एकाही पोथीत हा प्रसंग नाही. मांड्यांची आख्यायिका वेगळी आहे. या भावंडांच्या वाईटावर असलेल्या विसोबाच्या धाकाने मुक्ताईला खापर मिळेना, तेव्हा ज्ञानदेवांनी योगाग्नीने पाठ तापवली आणि तिने त्या पाठीवर मांडे भाजले. आजीने त्या चुलीवरचा घास उचलून भिंतीच्या कथेतल्या वाघापुढे ठेवला. माझ्या मते या ग्रंथाचा सगळा विषय त्या एका उत्तरात आहे. जुनी कथा जिथे गप्प असते, तिथे नवा सांगणारा बोलू लागतो. कथा सातशे वर्षे टिकते ती अशा मोकळ्या जागांमुळे.

मध्ययुगीन आख्यायिकांची आधुनिक कथने अभ्यासायला येणारा विद्यार्थी बहुधा एक धाकधूक घेऊन येतो. मूळ कथा कोणती आणि ती कुणी बिघडवली, हे आधी ठरवायला हवे असे त्याला वाटते. त्याने आधी आपल्या वाङ्मयाचा उगम पाहावा. 1278 च्या सुमारास महानुभाव पंथाच्या म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन गोळा करून आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. पुढे धामधुमीत पोथी हरवली, तेव्हा शिष्यांनी ती पुन्हा स्मरणातून उभी केली. म्हणून हस्तलिखितांत एकाच लीळेचे निरनिराळे पाठ सापडतात आणि पंथाने ते जपून ठेवले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची पाने चाळताना जाणवते, की मराठी गद्य जन्मले तेच मुळी पुन्हा सांगण्यातून.

वारकरी परंपरेतही हेच दिसते. ज्ञानदेवांनी 1296 मध्ये समाधी घेतली. तो वियोग नामदेवांच्या नावाने चालत आलेल्या 'समाधी' प्रकरणात आपण ऐकतो. ताहराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये संतचरित्रांचा 'भक्तविजय' पुरा केला, तोवर साडेचारशे वर्षे उलटली होती. नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधारे आपण लिहीत आहोत, हे महिपती मोकळेपणाने सांगतात. तेही पुनर्कथनकारच होते. नारदीय कीर्तनकाराने तर यासाठी हक्काची जागाच राखली आहे: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. तेच आख्यान दर गावी, दर रात्री थोडे नवे होते.

विसाव्या शतकात रंगभूमी आणि चित्रपट या रांगेत आले. मंगळवेढ्याची कान्होपात्रा बिदरच्या बादशहाच्या बोलावण्यापुढे न झुकता विठ्ठलाच्या पायाशी देह ठेवते. ना. वि. कुलकर्णी यांच्या 1931 च्या नाटकात बालगंधर्वांनी ती उभी केली. 1936 मध्ये दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला.

या चित्रपटापाशी जरा रेंगाळावे. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा डोळे भरून पाहावेत असेच आहेत. पण आख्यायिकेतली मोकळी जागा भरली ती गौरीबाईंच्या आवलीने, तुकोबांच्या बायकोने. लेकरू तापाने फणफणले आहे, घरात दाणा नाही, आणि ही बाई हाती पायतण घेऊन देवाला जाब विचारायला देवळात शिरते. भक्ताच्या संसाराचे ओझे कोण वाहते, हा प्रश्न चरित्रांत कुठेतरी कोपऱ्यात होता. इथे तो पडदाभर झाला. तुकोबांना न्यायला विमान येते. आवली आपल्या संसारात, जमिनीवरच राहते. याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि झाडाचे एक पद लिहिले. ते इतके तुकोबांचे वाटले की लोक ते गाथेत शोधू लागले. नवे कथन परंपरेत विरघळते म्हणजे काय, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

कादंबरीत हेच काम परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी केले. ज्ञानदेवांवरची 'मोगरा फुलला' वाचून आळंदीला गेलेल्या वाचकाला इंद्रायणीचा घाट ओळखीचा वाटतो. जगातही हीच रीत आहे. मॅलरीने सांगितलेल्या आर्थर राजाच्या कथा 1485 मध्ये छापल्या गेल्या. टेनिसनने 1859 पासून त्या आपल्या काळाच्या नीतीने पुन्हा सांगितल्या आणि टी. एच. व्हाइटने महायुद्ध पाहिलेल्या मनाने.

तेव्हा या क्षेत्रात येणाऱ्याने दचकू नये. जुनी मराठी सुरुवातीला अडखळवते. रोज एक लीळा मोठ्याने वाचली तर महिन्याभरात कान सरावतो. एकच आख्यायिका निवडावी आणि ती पोथीत, कीर्तनात, नाटकात, पडद्यावर अशी ओळीने पाहावी. प्रत्येक ठिकाणी सांगणारा कुठे थबकला, कुणाच्या तोंडी नवे बोलणे घातले आणि कुणाला गप्प ठेवले, हे टिपावे. श्रद्धेने वाचणाऱ्याला आणि चिकित्सेने वाचणाऱ्याला इथे एकाच पंगतीत पाट मांडला आहे, कारण दोघेही कथेजवळ काहीतरी मागायला आलेले असतात.

पुढच्या लेखांतून आम्ही तेवढेच केले आहे. वाचताना एखादा प्रश्न पोरकट वाटला, तरी तो सोडू नका. नातीने वाघाची भूक विचारली नसती, तर त्या दिवशी मुक्ताईच्या हातचे मांडे कुणी वाढले नसते.

धंतोली, नागपूर