मसुद्याच्या समासात दिसणारी श्रद्धा

दारू सुटण्यात श्रद्धेचा वाटा किती, यावर वाद घालण्याआधी दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत. पहिला आहे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (एए) या संस्थेच्या त्याच नावाच्या पुस्तकाचा टंकलिखित मसुदा. 1939 च्या आरंभी त्याच्या सुमारे 400 प्रती काढून अभिप्रायासाठी वाटल्या गेल्या. दुसरा कागद म्हणजे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये छापून आलेले पुस्तक. ज्या प्रतीवर हाताने दुरुस्त्या करून ती छापखान्याकडे गेली, तीही टिकली आहे आणि 2010 मध्ये तिची हुबेहूब प्रतिकृती प्रसिद्ध झाली. त्यामुळे काय खोडले गेले, हे आज तपासता येते.

दारू सोडण्यासाठी पुस्तकाने सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी सातवी मसुद्यात गुडघे टेकून घ्यायची होती. छापील पुस्तकात गुडघे गेले, नम्रता राहिली. बारा पायऱ्यांच्या आसपास मसुद्याने वाचकाला बजावले होते की हे पटत नसेल तर पुस्तक पुन्हा वाचा, नाहीतर फेकून द्या. तो इशारा गाळला गेला. ईश्वर आत्ताच शोधलाच पाहिजे, ही आज्ञा ‘तो तुम्हाला लाभो’ अशा सदिच्छेत बदलली. मात्र तिसऱ्या पायरीतला ‘आम्हाला जसा उमगला तसा’ ईश्वर मसुद्यातही आहे आणि छापील पुस्तकातही.

हे बदल कसे झाले, याची हकीकत संस्थेचे सहसंस्थापक बिल विल्सन यांनी 1957 मध्ये लिहिली. ती अठरा वर्षांनंतरची आठवण आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचली पाहिजे. त्यांच्या सांगण्यानुसार सुरुवातीच्या सदस्यांपैकी फिट्झ मेयो यांना पुस्तक उघडपणे ख्रिस्ती हवे होते, तर हँक पार्कहर्स्ट आणि जिम बरवेल देवाचा उल्लेख कमी करा म्हणून अडून बसले होते. न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने सक्तीची भाषा सौम्य करण्याचा सल्ला दिला. कोण केव्हा काय बोलले, याबद्दल आठवण दगा देऊ शकते. पण सूर कोणत्या दिशेने बदलला, याची साक्ष मसुदा स्वतंत्रपणे देतो.

या लवचीकपणाची मुळे मसुद्याच्याही चार वर्षे मागे जातात. डिसेंबर 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन्स हॉस्पिटलमध्ये विल्सन यांना प्रखर प्रकाशाचा अनुभव आला आणि त्यानंतर ते कधीच प्यायले नाहीत. पुढचे काही महिने ते हाच अनुभव इतर दारुड्यांना सांगत फिरले. त्यांच्याच कबुलीप्रमाणे त्या काळात एकाचीही दारू सुटली नाही. उपदेश थांबवा आणि आधी आजाराबद्दल बोला, असे त्याच हॉस्पिटलातल्या डॉ. विल्यम सिल्कवर्थ यांनी त्यांना सांगितले.

मे 1935 मध्ये ओहायोतल्या अॅक्रन गावी त्यांची गाठ शल्यविशारद डॉ. रॉबर्ट स्मिथ यांच्याशी पडली. स्मिथ यांचे आत्मकथन याच पुस्तकात आहे आणि माझ्या मते तो या प्रश्नावरचा सर्वांत मोलाचा पुरावा आहे. स्मिथ त्याआधी सुमारे अडीच वर्षे ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती गटाच्या सभांना जात होते, धर्मग्रंथ वाचत होते आणि तरीही पीत होते. श्रद्धेची तोंडओळख त्यांना नव्याने करून द्यायची नव्हती. विल्सन यांच्यात त्यांना वेगळे दिसले ते एवढेच की, हा माणूस स्वतः त्या नरकातून गेला होता आणि अनुभवातून बोलत होता.

स्मिथ यांच्या शेवटच्या प्याल्याची तारीख संस्था 10 जून 1935 मानते आणि तोच तिचा स्थापनादिन. पण त्यांचा पाय शेवटचा घसरला तो अटलांटिक सिटीतल्या वैद्यकीय अधिवेशनाच्या वारीत, आणि ते अधिवेशन 10 जूनलाच सुरू झाले होते. म्हणून काही अभ्यासक खरी तारीख आठवडाभर पुढची मानतात. स्थापनादिनालाही कागदपत्रांची कसोटी लावली पाहिजे. त्याने त्या दिवसाचे मोल उणावत नाही.

शेवटचा दुवा 1941 च्या दुसऱ्या मुद्रणात सापडतो. पहिल्या मुद्रणातला बाराव्या पायरीतला ‘आध्यात्मिक अनुभव’ तिथे ‘आध्यात्मिक जागृती’ झाला आणि एक परिशिष्ट जोडले गेले. प्रकाश दिसल्याशिवाय सुटका नाही, अशी वाचकांची समजूत होऊ लागली होती. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचा आधार घेऊन परिशिष्टाने सांगितले की बहुतेकांमध्ये बदल हळूहळू, शिकत शिकत घडतो. ज्याच्या आयुष्यात प्रकाश पडला होता, त्याच्याच पुस्तकाने प्रकाशाची अट काढून टाकली.

हे सारे कागद एकत्र वाचले की दोन टोकांचे दावे टिकत नाहीत. श्रद्धा निव्वळ सजावट होती असे म्हणता येत नाही, कारण प्रार्थना, कबुली आणि शरणभाव बारा पायऱ्यांत अखेरपर्यंत राहिले. ती एकटी पुरेशी होती असेही म्हणता येत नाही. स्मिथ यांची ती अडीच वर्षे आड येतात. आपल्या बळावर हे जमत नाही हे मान्य करणे आणि तशाच दुसऱ्या माणसाजवळ जाऊन बसणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा दारू सुटली. आज मराठीत भरणाऱ्या एएच्या सभांमध्येही याच बारा पायऱ्या वाचल्या जातात. तिथे येणाऱ्या नव्या माणसाला आधी देवाबद्दलचे मत विचारले जात नाही. ते दार 1939 मध्ये वाद घालून, एकेक शब्द खोडून उघडे ठेवले गेले, आणि ते तसेच उघडे राहिले पाहिजे.