काशीचा कंकर

1779 चा हिवाळा आहे आणि तुम्ही ज्ञानवापीशेजारी उभे आहात. समोर विश्वेश्वराचं नवं देऊळ चढतंय. पैसा होळकरांचा, आज्ञा अहिल्याबाईंची. पुढच्या वर्षी काम पुरं होईल.

"अहो पाहुणे, मागं सरा! डोळ्यात उडेल," कारकून मराठीत ओरडतो.

चुना विरवताहेत. करड्या ढेकळांवर पखालीतलं पाणी पडतं. क्षणभर काहीच होत नाही, मग ढेकूळ तडकतं, वाफ सुटते आणि दगडाचं पीठ होतं.

बाजूच्या ढिगातला एक न भाजलेला कंकर उचला. आल्याच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा, मातकट. त्यावर लिंबू पिळा: फसफसतो. हा कॅल्शियम कार्बोनेट इथल्याच शेतांखाली तयार झालाय. पावसाचं पाणी गंगेच्या गाळातला चुना विरघळवत खाली नेतं, उन्हाळ्यात पाणी उडून जातं, चुना तिथेच गोठतो. असं हजारो वर्षं.

भट्टीत सुमारे 900 अंशांवर त्यातला कर्बवायू निघून जातो. चोख चुनखडी 100 शेर भाजली तर 56 शेरच हाती येते. भिंतीत बसल्यावर चुना तोच वायू हवेतून हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. त्याला वर्षं लागतात. पण कंकरात चिकणमाती असते. ती चुन्याबरोबर भाजली गेल्यानं हा चुना पाण्यानंही आवळतो, भिंतीच्या पोटात वारा पोचत नाही तिथेसुद्धा. नदीकाठच्या बांधकामाला असाच चुना हवा. पुढे या कळसावर सोनं चढेल, लोक त्याचंच कौतुक करतील. मला मात्र या देवळाचे खरे कारागीर भट्टीवाले वाटतात. जाळ कमी पडला तर गाभा कच्चा राहतो, अति झाला तर कंकर जळून काचेसारखा होतो आणि विरतच नाही. हे सगळं ते जाळाच्या रंगावरून ओळखतात.

दुपारी कारकून विडा पुढे करतो. यातला चुना कंकराचा नव्हे. तोंडाला माती लागून कसं चालेल? त्याला शिंपल्यांचा किंवा शुद्ध दगडाचा चुना लागतो. बोटाच्या टोकानं पानावर फिरवलेला. काथाशी त्याची गाठ पडते आणि तोंड लाल होतं. जरा जास्त लागला की जीभ पोळते.

आता चुन्याच्याच मागावर आणखी मागे चला, सुमारे दीडशे कोटी वर्षं. काशीच्या दक्षिणेला, आजच्या सोनभद्रात, उथळ समुद्र आहे. शंख नाहीत, शिंपले नाहीत, मासे तर नाहीतच. फक्त सूक्ष्मजीवांचे चिकट थर. एकावर एक चढत, चुना धरून ठेवत त्यांचे दगडी घुमट झाले. रॉबर्ट्सगंजजवळच्या सलखन जीवाश्म उद्यानात त्यांची गोल वळी उघड्या खडकावर दिसतात. हात फिरवून एकेक थर मोजता येतो.