घास आणि खुळखुळा

आई गेल्यानंतर दोन महिन्यांनी तिची पत्र्याची पेटी उघडली. आत दोन नऊवारी पातळं, एक वजनाची नोंदवही आणि एक खुळखुळा होता. खुळखुळा म्हणजे औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी, आत मूठभर चिंचोके आणि झाकणावरून फिरवलेली चिकटपट्टी. आई नाशिक जिल्ह्यातल्या एका आदिवासी पाड्यावर सव्वीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. नोंदवहीत वजनाला रकाना होता, आहाराला होता, लसीला होता. खुळखुळ्याला नव्हता.

एकदा तपासणीला आलेल्या मुख्यसेविकेनं तिला विचारल्याचं मला आठवतं, "बाई, हे काय चाललंय? आधी वजनं घ्या, खाऊ वाटा, मग खेळवा." आई म्हणाली होती, "मॅडम, खेळल्याबिगर हे लेकरू तोंडच उघडत नाही." तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आईचं म्हणणं मला भाबडं वाटलं होतं. पोट रिकामं असेल तर मूल खाणारच, त्यात खेळाचा काय संबंध? या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता गेली काही वर्षं मी बालआरोग्याचा इतिहास वाचत आलो. हा लेख त्या वाचनाचा हिशेब आहे.

पांढऱ्या चादरींची भिंत

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेतल्या अनाथालयांत तान्ही मुलं मोठ्या संख्येनं दगावत. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री ड्वाइट चॅपिन यांनी 1915 साली अशा संस्थांमधल्या मृत्यूंचा लेखाजोखा मांडला आणि प्रश्नच असा टाकला, की तान्ह्यांसाठी अशा संस्था हव्यात तरी कशाला? मुलं घराघरांत सांभाळायला द्यावीत, हा त्यांचा आग्रह होता. पण वैद्यकाचं लक्ष त्या काळी जंतूंवर होतं. जंतू रोखायचे म्हणजे स्पर्श रोखायचा. मुलं वेगवेगळ्या खणांत ठेवली गेली, परिचारिकांच्या तोंडावर मुखपट्ट्या आल्या, उचलून घेणं कमी झालं. संसर्ग घटला, पण सगळीच मुलं काही बाळसं धरेनात.

न्यूयॉर्कच्याच बेलव्ह्यू रुग्णालयात हॅरी बॅकविन या डॉक्टरांनी हे नेमकं टिपलं. रुग्णालयात दीर्घकाळ राहिलेली तान्ही मुलं मलूल होतात, त्यांची भूक मंदावते, हिशेबानं पुरेसं दूध देऊनही वजन वाढत नाही; आणि घरी गेली की तीच मुलं भराभर सुधारतात. 1942 साली त्यांनी यावर जो निबंध लिहिला त्याच्या मथळ्यातच तान्ह्यांचा एकाकीपणा आहे. त्यांच्या कक्षाच्या दारावर पूर्वी हात धुण्याची सक्त सूचना असे. तिच्या जागी, एखाद्या बाळाला उचलून घेतल्याशिवाय आत येऊ नये, अशा अर्थाची पाटी लागली. वैद्यकाच्या इतिहासात इतकी साधी पाटी क्वचितच सापडेल.

तीन वर्षांनी, 1945 मध्ये, रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकानं दोन संस्थांची तुलना प्रसिद्ध केली. एक होतं अनाथालय. स्वच्छता उत्तम, आहार चांगला, वैद्यकीय देखरेख नियमित. पण आठेक मुलांमागे एक परिचारिका आणि पाळण्यांच्या कठड्यांवर टाकलेल्या चादरी. त्या चादरींमुळे उताण्या पडलेल्या मुलाला महिनोन्महिने छताखेरीज काही दिसत नसे. दुसरी संस्था होती स्त्रियांच्या तुरुंगातलं पाळणाघर. तिथे कैदी आया स्वतःच्या मुलांना सांभाळत, खेळवत, एकमेकींच्या मुलांशी तुलनाही करत. अनाथालयातल्या 91 मुलांपैकी 34 मुलं पुढल्या दोन वर्षांत गेली. तुरुंगातलं एकही मूल त्या काळात गेलं नाही.

स्पिट्झच्या पद्धतीवर पुढे कडक टीका झाली. 1955 मध्ये सॅम्युअल पिनो यांनी त्याच्या आकड्यांतल्या आणि तुलनेतल्या त्रुटी एकेक करून दाखवल्या. ती टीका रास्तच होती: दोन संस्थांमधली मुलं मुळात सारखी होती असं गृहीत धरता येत नाही, आणि आईचा अभाव नि खेळाचा, हालचालीचा अभाव हे दोन्ही तिथे एकत्रच मिसळलेले होते. तरीही पांढऱ्या चादरींचं ते चित्र पुसलं गेलं नाही.

आपल्याकडे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, 1875 मध्ये पंढरपुरात तशीच संस्था उभी राहिली. जन्मलेलं मूल जगवायचं, ही तिथली पहिली लढाई होती. पण फुले दांपत्यानं त्यातलं एक मूल, यशवंत, दत्तक घेऊन आपल्या घरात वाढवलं आणि तो पुढे डॉक्टर झाला. मूल जगवणं आणि मूल मांडीवर घेणं या दोन गोष्टी त्या घरात वेगळ्या झाल्या नाहीत.

जेवणाच्या टेबलावरची शिस्त

मला सर्वांत अस्वस्थ करणारी हकिगत मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनीतली आहे. ब्रिटिश आहारशास्त्रज्ञ एल्सी विडोसन तिथे 1948 च्या सुमाराला दोन अनाथाश्रमांत काम करत होत्या. मुलं तान्ही नव्हती, चार ते चौदा वर्षांची होती. प्रत्येक आश्रमात साधारण पन्नास. शिधा दोन्हीकडे सारखा, सरकारी. बेत असा, की सहा महिने नुसती वजनं घ्यायची, मग एका आश्रमाला पाव, मुरंबा आणि संत्र्याचा रस जादा द्यायचा नि फरक पाहायचा.

फरक उलटाच आला. ज्या आश्रमाला जादा अन्न मिळालं, तिथल्या मुलांचं वजन वाढायला हवं तसं वाढेना. आणि ज्यांना काहीच जादा मिळालं नाही ती मुलं पुढे सरकली. शोध घेतल्यावर कारण कळलं. जादा अन्न सुरू झालं त्याच सुमारास दुसऱ्या आश्रमाची एक कडक संचालिका बदलून इथे आली होती. मुलांना सर्वांसमोर फैलावर घेण्यासाठी ती नेमकी जेवणाची वेळ निवडत असे. तिचं बोलणं संपेपर्यंत सूप गार होई आणि मुलं रडवेली. तिची लाडकी आठ मुलं तिनं सोबत आणली होती. ती तेवढी छान वाढली. विडोसन यांचा निबंध 1951 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. मानसिक समाधान आणि शारीरिक वाढ, हा त्याचा विषय.

शिधा मोजता येतो, तसा तो घशाखाली उतरेल की नाही हे मोजता येत नाही, एवढं या हकिगतीतून मी घेतलं.

गप्प बसलेल्या परिचारिका

इथे मी आईच्या बाजूनं निकाल देऊन मोकळा झालो असतो, पण वाटेत क्लारा डेव्हिस भेटल्या. अमेरिकेतल्या या बालरोगतज्ज्ञ बाईंनी 1926 पासून एक विलक्षण प्रयोग केला. नुकतीच अंगावरून तुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची मुलं. त्यांच्यापुढे वेगवेगळ्या वाडग्यांत साधे पदार्थ ठेवायचे: दूध, अंडी, मांस, धान्य, फळं, भाज्या. एकूण यादी चौतीसेक पदार्थांची. परिचारिकेनं चमचा घेऊन गप्प बसायचं. मूल ज्याकडे हात करेल तेच भरवायचं. आग्रह नाही, कौतुक नाही, नापसंतीचा चेहराही नाही. एकूण पंधरा मुलं या प्रयोगात होती आणि ती सगळी धडधाकट वाढली. एका मुलाला मुडदूस होता. त्याच्या ताटाजवळ कॉडलिव्हर तेल ठेवलं, तर बरा होईपर्यंत तो ते मधून मधून आपणहून पीत राहिला आणि नंतर त्यानं ते सोडून दिलं.

म्हणजे मुलाला भरवताना चिऊ-काऊ नकोतच का? आपल्याकडे घराघरांत चिऊचा घास, काऊचा घास, मनीमाऊचा घास करत वाटी संपवली जाते. डेव्हिसबाईंच्या परिचारिकेला त्याची सक्त मनाई झाली असती.

पण नीट पाहिलं तर या दोन गोष्टींत विरोध नाही. डेव्हिसबाईंनीच पुढे सांगितलं, की या प्रयोगातली गोम पदार्थांच्या यादीत आहे. यादीत साखर, मिठाई, कारखान्यातलं काही नव्हतं, म्हणून मुलाची निवड चुकू शकत नव्हती. आणि महत्त्वाचं म्हणजे ते मूल त्या टेबलाशी कर्ता होतं. हात पुढे करावा आणि जगानं प्रतिसाद द्यावा, हाच तान्ह्या जिवाचा पहिला खेळ. चिऊ-काऊच्या घासातही, तो जबरदस्तीनं कोंबलेला नसेल तर, हेच होतं. मूल बोट दाखवतं, आई कावळ्याकडे पाहते, तोंड उघडतं. स्पिट्झच्या चादरींआडच्या मुलाला असं बोट दाखवायला काही नव्हतं आणि दाखवलं तर पाहायला कोणी नव्हतं.

उलट्या बाजूनं

अलीकडच्या संशोधनानं या कथेला एक अनपेक्षित वळण दिलं आहे. अमेरिकेतल्या बफलो विद्यापीठात काई लिंग काँग, लेनर्ड एपस्टाइन आणि त्यांचे सहकारी वेगळा प्रश्न घेऊन बसले: पोटभर मिळणाऱ्या घरातली काही बाळं अन्नाच्या मागे इतकी का लागतात? बाळ साधारण नऊ ते अठरा महिन्यांचं. त्याच्यापुढे एक बटण. ते दाबलं की आवडता खाऊ मिळतो. मात्र दर वेळी जास्त वेळा दाबावं लागतं. दुसऱ्या खेपेला त्याच कष्टात साबणाचे फुगे किंवा संगीत असं काही मिळतं. बाळ कशासाठी किती वेळ दाबत राहतं, यावरून त्याच्या लेखी अन्नाचं मोल इतर आनंदांच्या तुलनेत किती, हे काढतात. काही मोजक्या बाळांना काही आठवडे आईवडिलांसह गाणी, वाद्यं, ताल यांच्या वर्गाला नेल्यावर हे पारडं संगीताकडे झुकल्याचं त्यांच्या एका प्राथमिक अभ्यासात दिसलं. अभ्यास लहान होता आणि त्यातून मोठे निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. पण प्रश्न मांडण्याची रीत मला पटली.

अनाथालयात खेळाविना भूक मरते आणि भरल्या घरात खेळ आला की भुकेचा हव्यास कमी होतो, ही विसंगती वाटेल. मला ती तशी वाटत नाही. बाळाच्या लेखी अन्न ही एकटी वस्तू नसते. ती इतर आनंदांच्या रांगेत बसलेली असते. रांगच रिकामी असेल तर दोन गोष्टी घडू शकतात. आजारी, खचलेल्या मुलाच्या लेखी अन्नही इतर सगळ्यासारखंच बेचव होतं. धडधाकट, कंटाळलेल्या मुलाच्या लेखी अन्न हाच एकमेव आनंद उरतो. खेळ दोन्हीकडे रांग भरतो.

रकाना

खेळानं सगळं होतं असं मात्र नाही, आणि याचा सर्वांत प्रामाणिक पुरावा जमैकातला आहे. किंग्स्टनमध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ ते चोवीस महिन्यांची, वाढ खुंटलेली 129 मुलं घेतली. काहींना दर आठवड्याला दुधाची भुकटी, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर खेळ, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. खेळ घेणाऱ्या बायका आरोग्यसेविका होत्या आणि खेळणी घरच्या टाकाऊ वस्तूंची. दोन वर्षांनी, 1991 मध्ये निकाल छापून आला. बौद्धिक विकास आहारानंही सुधारला आणि खेळानंही. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांचा सर्वांत जास्त. पण उंची-वजनावर खेळाचा परिणाम दिसला नाही. तिथे अन्नच लागलं. वीस वर्षांनी त्या मुलांना पुन्हा शोधलं तेव्हा, खेळ मिळालेल्या गटाची कमाई न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त निघाली. खुळखुळा दुधाची जागा घेत नाही. दूधही खुळखुळ्याची जागा घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं तीव्र कुपोषणाच्या उपचारांच्या दहा पायऱ्या ठरवल्या, त्यात नववी पायरी मुलाला माया आणि खेळ देण्याची आहे: रोज पंधरा ते तीस मिनिटं, ठरवून. आपल्या पोषण पुनर्वसन केंद्रांनाही हेच सांगितलेलं आहे. तिथे मुलाची भूक चाचणी घेतात, कारण भूक परत येणं ही बरं होण्याची खूण मानली जाते.

ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, ही ताराबाईंची कल्पना. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पण शाळापूर्व शिक्षण तीन वर्षांपुढच्या मुलांसाठी राहिलं. त्याखालच्यांच्या वाट्याला मुख्यतः शिधा, लस आणि वजनकाटा. तीन वर्षांखालच्या मुलांशी रोज काय खेळावं याचा 'नवचेतना' हा राष्ट्रीय आराखडा आला तो 2024 मध्ये. माझी आई तोवर निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली होती.

तिच्या नोंदवहीत चौदा महिन्यांच्या एका मुलीचं पान आहे. भिंतीकडे तोंड करून बसणारी ती मुलगी मला आठवते. आई तिच्या पाठीमागे बसून खुळखुळा वाजवायची. चार दिवसांनी मुलगी वळली. आठवड्यानं तिनं डबी हातात घेतली आणि दुसऱ्या हातानं भाताचं शीत उचललं. पानावर तीन महिने वजन चढताना दिसतं. समासात आईनं पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय, 'हसली', आणि पुढे तारीख. चौथ्या महिन्याच्या रकान्यात आकडा नाही, एकच शब्द आहे: 'स्थलांतर'. तिचे आईबाप वीटभट्टीवर गेले होते.

ती मुलगी आता पस्तिशीत असेल. मुख्यसेविकेच्या तपासणीची लाल सही त्या पानावर आहे, वजनांच्या आकड्यांखाली. पेन्सिलीच्या त्या शब्दाखाली कुणाची सही नाही.