ग्रामपंचायतींचा पर्यावरण निधी (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना स्वच्छता, जलसंधारण, वृक्षलागवड, सांडपाणी व्यवस्थापन आणि अपारंपरिक ऊर्जा अशा कामांसाठी केंद्र व राज्य शासनाकडून जो पैसा मिळतो, त्यास स्थूलमानाने '''पर्यावरण निधी''' म्हणता येते. हा निधी एकाच योजनेतून येत नाही. त्याचे दोन मुख्य मार्ग आहेत : वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार मिळणारा ठरावीक वाटा आणि अभियानांतील निकष पूर्ण केल्यावर मिळणारे अनुदान किंवा बक्षीस.

== पार्श्वभूमी ==
७३व्या घटनादुरुस्तीने (अंमल २४ एप्रिल १९९३) पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय दिले आहेत. मृदसंधारण, पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण, पिण्याचे पाणी व अपारंपरिक ऊर्जा हे त्यांपैकी होत. मात्र ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न मुख्यतः घरपट्टी व पाणीपट्टीवर अवलंबून असल्याने अशा कामांसाठी शासकीय निधीची गरज भासते.

== वित्त आयोगाचा निधी ==
पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग '''बंधित''' ठेवण्यात आला. त्यातील निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संकलन व पाण्याचा पुनर्वापर यांसाठी होता. उरलेला ४० टक्के '''अबंधित''' निधी स्थानिक गरजांसाठी वापरता येई. परंतु वेतन व आस्थापनेवर तो खर्च करण्यास मनाई होती. महाराष्ट्रात या अनुदानाचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के वाटा पंचायत समिती व जिल्हा परिषदेला देण्यात आला. खर्चाची कामे ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट असावी लागतात व आराखड्यास ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते.

== अभियाने व योजना ==
* '''संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान''' (२०००-०१) : लोकसहभाग व श्रमदानावर आधारलेली स्पर्धा. ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात ती सुरू झाली.
* '''पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना''' (२०१०) : वृक्षलागवड, करवसुली, प्लास्टिकबंदी इत्यादी निकष पूर्ण करणाऱ्या ग्रामपंचायतींना लोकसंख्येच्या प्रमाणात टप्प्याटप्प्याने अनुदान.
* '''माझी वसुंधरा अभियान''' (२ ऑक्टोबर २०२०) : पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाचा उपक्रम. भूमी, वायू, जल, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांनुसार गुणांकन केले जाते. पहिल्या आवृत्तीत २९१ ग्रामपंचायतींसह ६८६ स्थानिक स्वराज्य संस्था सहभागी होत्या. पुढे अभियानाची व्याप्ती वाढली. बक्षिसाची रक्कम पर्यावरणपूरक कामांवरच खर्च करावी लागते.

== मर्यादा : दासगाव परिसर ==
रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील दासगाव हे सावित्री नदीच्या खाडीकाठी, डोंगराच्या पायथ्याशी वसलेले गाव आहे. जुलै २००५च्या अतिवृष्टीत दासगावसह तालुक्यातील जुई, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. २२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळली. त्याच सुमारास महाड शहर पुराच्या पाण्याखाली गेले.

या परिसराचे उदाहरण निधीच्या रचनेतील अडचण स्पष्ट करते. लावलेली रोपे, शोषखड्डे किंवा सौर पथदिवे मोजता येतात, म्हणून त्यांना गुण देणे सोपे असते. डोंगरउताराची स्थिरता मात्र अशी मोजता येत नाही. तिच्यासाठी भूवैज्ञानिक पाहणी आवश्यक असते. शिवाय सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून वाहत बाणकोटजवळ समुद्रास मिळते. वरच्या भागातून वाहून आलेला गाळ खालच्या गावांच्या पात्रात साचतो व भरतीच्या वेळी पुराचे पाणी ओसरण्यास विलंब लागतो. एका ग्रामपंचायतीचा निधी तिच्या हद्दीपुरता असल्याने संपूर्ण खोऱ्याचा प्रश्न त्यातून सुटू शकत नाही. २०२१च्या पुरानंतर महाडजवळील पात्रातील गाळ काढण्याचे काम त्यामुळेच शासन व जिल्हा प्रशासनाच्या पातळीवर हाती घ्यावे लागले.

अशा कामांसाठी राज्य आपत्ती सौम्यीकरण निधीची तरतूद आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापन निधीपैकी ८० टक्के प्रतिसादासाठी, तर २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आपत्तीपूर्वी धोका कमी करण्यासाठी, ठेवण्याची शिफारस केली. हा निधी राज्य पातळीवरून मंजूर होतो. उतारावरील पाण्याला वाट करून देणारी गटारे, झाडतोडीस आळा, पावसाची नोंद व धोक्याच्या घरांची यादी ही कामे मात्र ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत आणि ग्रामसभेच्या ठरावाने ती विकास आराखड्यात घेता येतात.