कमवा आणि शिका योजना
महाविद्यालयात किंवा विद्यापीठात शिकत असताना संस्थेतच काही तास काम करून शिक्षणाचा खर्च भागवण्याची महाराष्ट्रातील व्यवस्था. तिचे मूळ कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांच्या कार्यात आहे. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली. साताऱ्यात १९२४ मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंगतीला जेवत आणि स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करीत. पैसे वाचवणे हा यातला एक भाग. श्रमाची लाज मोडणे व जातिभेद सैल करणे हा हेतू अधिक मोलाचा होता. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात हेच तत्त्व उच्च शिक्षणाला लागू झाले.

पुढे विद्यापीठांनीही ही कल्पना उचलली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. ग्रामीण व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थी तासिका सांभाळून ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बागेत काम करतात आणि त्यांना तासांच्या हिशेबाने मानधन मिळते. शहरातली खोली आणि खाणावळ यांच्या खर्चापुढे ही रक्कम तोकडीच पडते. शिवाय मूळ वसतिगृहातले सहजीवन नव्या योजनेत क्वचितच उरले आहे. फायली लावणे, पुस्तके मांडणे अशा कारकुनी कामांकडे तिचा कल अधिक दिसतो.